'माळरान'च्या गाजलेल्या टाळ्या

अनंतराव वैरागडे यांचा कोणावरच विश्वास नव्हता, आणि कारखाना त्यांना त्याचाच पगार देत होता. ते इन्स्पेक्शन खात्यात होते. त्यांचा गोल शिक्का बसल्याशिवाय कुठलाही जॉब गेटबाहेर पडत नसे, आणि शिक्का मारण्यापूर्वी ते त्या जॉबकडे असे काही बघत की तो बनवणाऱ्या टेक्निशियनला उगाचच घाम फुटे. हीच नजर संध्याकाळी सायकलवर बसून त्यांच्याबरोबर टाउनशिपमध्ये येई. दूधवाल्याचं दूध, वाण्याचा तराजू, पोस्टमनचं हसू, शेजाऱ्याने विनाकारण केलेला नमस्कार, सगळं ते दोनदा तपासून घेत. माणूस मात्र सरळ. शिक्का कधी कुणाच्या सांगण्यावरून उठला नाही आणि कुणाच्या सांगण्यावरून अडला नाही, हे त्यांचे दुश्मनही कबूल करत. अनंतरावांजवळ अभिमान बाळगण्याजोगं एवढंच होतं. पूर्वी ते गातही असत म्हणे, पण तो विषय त्यांच्या घरात कुणी काढत नसे.

भोपाळच्या त्या टाउनशिपमध्ये मराठी घरं पुष्कळ. कुणाचे वडील नागपूरहून सरकारी कचेऱ्यांबरोबर आलेले, कुणी स्वतःच महाराष्ट्रातून नोकरीवर आलेला. सगळ्यांचे जन्म गेले क्वार्टरात, पंख्याखाली. आणि याच मंडळींनी पंचवीस वर्षांपूर्वी मराठी मंडळ आणि त्यातच 'माळरान' नावाचं गावरान गाण्यांचं पथक काढलं होतं. ड्रॉइंग ऑफिसातले मधुकर भुसारी हे त्याचे म्होरके. गणपतीत आणि महाराष्ट्र दिनाला हे लोक फेटे बांधून, ऐन उकाड्यात खांद्यावर घोंगडी टाकून स्टेजवर येत आणि बैल, बांध, मोट, हुरडा यांवर गाणी म्हणत. मधुकररावांनी बैल जवळून पाहिला होता तो फक्त कॉलनीच्या कचराकुंडीपाशी, आणि त्यालाही वळसा घालून ते ऑफिसला जात. पण डोळे मिटून 'ढवळ्या माझा रुसला' म्हणू लागले की पुढच्या रांगेतल्या बायका पदराने डोळे टिपत. आता डोळ्यांत पाणी गाण्याने येई की मागच्या बाजूला शिजत असलेल्या रश्श्याच्या धुराने, अशी शंका अनंतरावांना पहिल्या वर्षापासून होती.

तर मंडळाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त 'माळरान'ने आपली कॅसेट काढली. 'माळरान : सर्वोत्कृष्ट, गाजलेली गाणी'. कव्हरवर चार फेटेवाले, मागे शेत. शेत म्हणजे क्लबची हिरवळ होती. एका कोपऱ्यात बॅडमिंटनच्या जाळ्याचा खांब दिसत होता, तो त्यांनी काळ्या शाईने झाड करून टाकला होता. ही कॅसेट क्लबतर्फे टाउनशिपमधल्या प्रत्येक घरी भेट द्यावी, असा मंडळाचा अर्ज पर्सोनेल खात्यात गेला आणि निगमसाहेबांच्या टेबलावर अडला.

निगमसाहेब सज्जन गृहस्थ होते. पण विशेषण दिसलं की त्यांना पुरावा लागे.

"भई, ये 'सर्वोत्कृष्ट' किसने तय किया?" त्यांनी मंडळाचे सेक्रेटरी शांताराम लोखंडे यांना विचारलं. "कल बंगाली समाज अपनी कैसेट लाएगा, परसों मलयाली समाज. सब सर्वोत्कृष्ट! कोई इंस्पेक्शन हुआ है?"

इन्स्पेक्शन हा शब्द निघाल्यावर शांतारामांच्या डोळ्यांसमोर एकच चेहरा आला. पुढे कधीतरी ते म्हणाले की तो दुसरा कुणाचा आला असता तर बरं झालं असतं.

अनंतरावांना परीक्षक नेमल्याचं मंडळाच्या फळ्यावर लागलं. कॅसेट ऐकायची, गाणी खरोखर गाजलेली आणि उत्कृष्ट आहेत का ते बघायचं आणि क्लबच्या सभेत निकाल सांगायचा. काम एवढंच होतं. अनंतरावांनी होकार देण्याआधी विचारलं, "मलाच का?" शांताराम म्हणाले, "तुमचा शब्द कोणी नाकारत नाही म्हणून." हे उत्तर खरं होतं, तरी अनंतरावांनी त्यावर दोन दिवस विचार केला.

फळ्यावर नाव लागलं त्याच संध्याकाळी मधुकररावांच्या घरून पाटवड्यांच्या रश्श्याचं पातेलं आलं. झाकण उघडताच अनंतराव मागे सरकले.

"हे परत पाठवा. ही लाच आहे."

"अहो, मंगलावहिनी दर महिन्याला पाठवतात," त्यांच्या पत्नी प्रमिलाबाई म्हणाल्या.

"दर महिन्याला मी परीक्षक नसतो."

आता पंचाईत अशी की दुसऱ्याकडून आलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही, हा प्रमिलाबाईंच्या माहेरचा रिवाज. आणि आलेला जिन्नस जसाच्या तसा परत करणं म्हणजे तर उघड भांडणच. विचार करकरून त्यांनी रस्सा आपल्या पातेल्यात काढून घेतला आणि मधुकररावांचं पातेलं घासून त्यात बेसनाचे लाडू भरून पाठवले. रस्सा अनंतरावांनी खाल्ला नाही, पण वासावरून त्याचं परीक्षण मात्र केलं. वरच्या मजल्यावरच्या काशिनाथ ठवकरांनी जिन्यात लाडू जाताना पाहिले आणि दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या बसमध्ये बातमी फुटली.

"परीक्षकच पार्टीला लाडू चारून राहिले जी! मामला काही तरी उलटा आहे."

काशिनाथ हे एकेकाळी 'माळरान'मध्ये मागे उभं राहून 'जी जी रं जी' म्हणत. कॅसेटसाठी त्यांना बोलावलं नव्हतं, आणि त्यामुळे हल्ली ते न्याय या गोष्टीवर फार बोलत. "अनंतराव, गाणं ऐकू नका," त्यांनी बजावलं. "गाण्यात काय आहे? काय गाळलं ते पाहा." तुळशीनगरला राहणारे प्रमिलाबाईंचे भाऊ सचिवालयात होते; त्यांनी सल्ला दिला की निकाल द्यायचाच नाही, मत राखून ठेवायचं, सचिवालयात अशीच माणसं वर जातात. कोटरा सुल्तानाबादहून आलेल्या मावसभावाने तर विचारलं, "यात तुझा फायदा काय?" आणि फायदा काहीच नाही हे कळल्यावर तोही अनंतरावांकडे संशयाने पाहू लागला.

पहिली कॅसेट अनंतरावांनी घरच्या टू-इन-वनमध्ये घातली. त्या यंत्राने पहिलं गाणं अर्धं म्हटलं, मग मधुकररावांचा आवाज हळूहळू जाडजूड रेड्यासारखा झाला आणि मग आतून करकर असा आवाज आला. झाकण उघडलं तर फीत शेवयांसारखी बाहेर. प्रमिलाबाई पेन्सिल घेऊन बसल्या, पण गुंता सुटला तेव्हा तिचे तीन तुकडे झाले होते. दुसरी कॅसेट मागायला अनंतराव मधुकररावांकडे गेले, तेव्हा मधुकररावांनी कॅसेट दिली. फक्त निघताना म्हणाले, "अनंता, ऐकून तर तोड रे."

हा घाव अनंतरावांना फार लागला. त्यांनी ठरवलं, आता परीक्षण सरकारी शिस्तीत. खात्याकडे एक चांगला टेपरेकॉर्डर होता, मशिनच्या बेअरिंगचा आवाज टिपायला आणलेला, आकड्यांचा काउंटर असलेला. तो घरी न्यायला परतीच्या अटीचा गेटपास लागे. पासवर कारण लिहायचं होतं. 'कला' असं कारण गेटवर चालणार नाही म्हणून अनंतरावांनी लिहिलं, 'ध्वनी-परीक्षण'. सिक्युरिटीवाल्याने विचारलं, "किस मशीन का?" अनंतरावांना खोटं बोलता येत नसे. ते म्हणाले, "चार आदमी का." सिक्युरिटीवाल्याने यंत्र, अनंतराव आणि सायकल तिन्ही बाजूला उभी करून वर फोन लावला. शेवटी पास मिळाला, पण फक्त रविवारपुरता.

त्या रविवारी सकाळी अनंतराव आंघोळ करून, कागद-पेन्सिल घेऊन, पंखा बंद करून बसले. प्रमिलाबाई आत भाजी चिरत होत्या.

गाणी वाईट नव्हती. हे त्यांना प्रामाणिकपणे मान्य करावं लागलं, आणि ते जरा जिवावरच आलं. 'ढवळ्या माझा रुसला' ऐकताना तर त्यांनी नकळत मान हलवली, मग कुणी पाहिलं का म्हणून मागे वळून पाहिलं. प्रत्येक गाण्याच्या शेवटी टाळ्यांचा कडकडाट होता. कडकडाट कसला, छप्पर उडेल असा. अनंतरावांनी कागदावर लिहिलं, 'प्रतिसाद उत्तम'.

मग दुसरी बाजू संपत आली आणि शेवटची दोन गाणी लागली. 'ट्रॅक्टर आला दारी' आणि 'पाटाचं पाणी'. अनंतराव थबकले. ही गाणी त्यांनी कधी ऐकली नव्हती. पंचवीस वर्षांत मंडळाचा एकही कार्यक्रम त्यांनी चुकवला नव्हता; संशय असला तरी हजेरी पक्की. कव्हर उलटून पाहिलं. तिथे बारीक अक्षरांत होतं, 'दोन नवी गाणी'.

गाजलेली, आणि नवी?

अनंतरावांनी पेन्सिल खाली ठेवली. जो जॉब अजून मशिनवर चढलाच नाही, त्यावर 'पास' शिक्का! आणि पुढे तर कमालच. 'ट्रॅक्टर आला दारी' संपलं आणि तोच कडकडाट झाला. जे गाणं एकाही माणसासमोर म्हटलेलं नाही, त्याला टाळ्या कुणी वाजवल्या?

मग अनंतरावांनी गाणी सोडली आणि नुसत्या टाळ्या ऐकायला घेतल्या. गाणं संपलं की काउंटर शून्यावर आणायचा, कान लावायचा. टाळ्या सुरू होत, वाढत, आणि बऱ्याच वेळाने मधूनच 'धाड' असा आवाज येई. लोखंडी घडीची खुर्ची पडल्याचा. मग टाळ्या आणखी जोरात. 'ढवळ्या'च्या टाळ्यांत खुर्ची पडली. 'मोटेवरची मैना'च्या टाळ्यांत पडली. 'हुरड्याला चला पाव्हणं'च्या टाळ्यांतही, काउंटरच्या नेमक्या त्याच आकड्याला पडली. वेगवेगळ्या गाण्यांच्या टाळ्यांत एकच खुर्ची एकाच क्षणी कशी पडेल? अनंतरावांना आयुष्यात इतका आनंद क्वचितच झाला होता. कुठेतरी पाणी मुरतंय हे त्यांना आधीपासूनच वाटत होतं. आज ते कानाला लागलं.

"प्रमिला! इकडे ये. हे ऐक."

प्रमिलाबाई विळी बाजूला ठेवून दारात आल्या. टाळ्या सुरू झाल्या, वाढल्या, 'धाड'.

प्रमिलाबाईंचा चेहरा बदलला.

"बंद करा ते."

"अगं, ही खुर्ची बघ, प्रत्येक गाण्यात..."

"ही खुर्ची मी पाडलेली आहे," प्रमिलाबाई म्हणाल्या.

अनंतरावांनी टेप बंद केला. त्यांना आठवायची गरज नव्हती. विसरलेच नव्हते ते. आठ-नऊ वर्षांपूर्वीचा गणेशोत्सव. अनंतराव भीमपलासमधली एक चीज गायला बसले होते. सहा महिने सकाळी उठून तयारी केली होती. आणि ऐन रंगात समेचा अंदाज चुकला. एकदा चुकला तर चुकला, पण सम गाठल्याशिवाय सोडायचं कसं? म्हणून ते पुन्हा वर गेले, पुन्हा चुकले, पुन्हा गेले. तबलेवाला डोळ्यांनी विनवत होता. बाहेर मसालेभाताची पातेली उतरली होती. मग कुठूनतरी एक टाळी आली, तिच्यामागे दहा आल्या आणि सगळा मांडव टाळ्या वाजवू लागला, थांबेचना. अनंतरावांना कळायला थोडा वेळ लागला की या टाळ्या आपल्याला बसवायला आहेत. प्रमिलाबाईंना आधीच कळलं. त्या संतापून अशा उठल्या की खुर्ची उलटली. नवरा-बायको न जेवता घरी आले. त्या दिवसापासून अनंतराव गायले नाहीत, न्हाणीघरातसुद्धा. आणि त्या दिवसापासून कुणी हसून नमस्कार केला की हा मनात काय म्हणतोय, असं त्यांना वाटू लागलं.

ते तसेच उठले आणि मधुकररावांकडे गेले.

मधुकरराव अंगणात तुळशीला पाणी घालत होते. अनंतरावांच्या हातातला टेपरेकॉर्डर पाहूनच त्यांनी ओळखलं. तांब्या खाली ठेवून ओट्यावर बसले.

"ट्रेनिंग हॉलमध्ये दारं-खिडक्या लावून गायलो रे," ते म्हणाले. "पंखे बंद. ऐकलं तर मयताला आल्यासारखं वाटे. न्यू मार्केटचा रेकॉर्डिंगवाला म्हणाला, थोडी पब्लिक डाल दो. म्हणून मंडळाच्या जुन्या टेपच्या स्पूल काढल्या. आमच्या सगळ्या कार्यक्रमांच्या ऐकल्या, अनंता. पहिल्यापासून शेवटपर्यंत."

"मग?"

"मग काय. आमच्या टाळ्या म्हणजे... पाचपन्नास माणसं शिष्टाचार म्हणून वाजवतात तशा. मला पंचवीस वर्षं वाटत होतं की मांडव दणाणतो." मधुकररावांनी खाली ठेवलेला तांब्या उगाचच सरळ केला. "एवढा दणका फक्त एकाच स्पूलवर होता. कुणाच्या गाण्याचा, ते मला माहीत होतं. तरी घेतला. पुढच्या महिन्यात मी रिटायर होतोय. नागपूरला जाताना बरोबर काय नेऊ, सांग?"

अनंतरावांना यावर रागवायचं होतं. राग आला नाही याचाच त्यांना राग आला.

"शिक्का मार," मधुकरराव हळूच म्हणाले. "कुणाला कळणार आहे? आणि नाही मारलास, तर टाळ्या कुणाच्या हे सांगावं लागेल. तुझंच सगळं पुन्हा निघेल."

हा मुद्दा अनंतरावांच्या लक्षात आला नव्हता असं नाही. तो संध्याकाळभर त्यांच्या छातीवर बसून होता. खोटं उघडं करायचं तर आपली फजिती आपल्याच तोंडाने सगळ्या टाउनशिपला सांगायची. फजिती झाकायची तर आयुष्यात पहिल्यांदा खोट्या मालावर शिक्का मारायचा. त्या रात्री प्रमिलाबाईंनी विचारलं, "काय ठरवलं?" अनंतराव म्हणाले, "मत राखून ठेवलंय." त्यावर प्रमिलाबाईंनी आपल्या भावाबद्दल जे उद्गार काढले, ते इथे लिहिण्याजोगे नाहीत.

क्लबची सभा भरली. टेबलावर निगमसाहेब, शेजारी शांताराम, एका बाजूला 'माळरान' पूर्ण वेषात, ढोलकीसकट. निकालानंतर लगेच गायचं म्हणून ते तयार होऊन आले होते. मागे बायका-मुलं. दाराशी बटाटेवड्यांच्या टोपल्या आणि चहाची पिंपं. प्रमिलाबाई दुसऱ्या रांगेत.

अनंतराव उठले. निगमसाहेबांसाठी हिंदीत बोलणं भाग होतं.

"गाने अच्छे हैं," ते म्हणाले. 'माळरान'मध्ये हालचाल झाली. "दस गाने पास. आखिरी दो नए हैं, इसलिए गाजे हुए नहीं कहे जा सकते. पहले गाजें, फिर देखेंगे."

"ठीक बात," निगमसाहेब लिहीत म्हणाले.

"और तालियाँ रिजेक्ट."

निगमसाहेबांचं पेन थांबलं. "तालियाँ?"

"इनकी नहीं हैं. किसी और प्रोग्राम की हैं, हर गाने के पीछे लगाई गई हैं."

एकच गलका झाला. काशिनाथ मागून ओरडले, "मी म्हणतच होतो जी!" मधुकरराव जमिनीकडे बघत राहिले. निगमसाहेबांनी टेबल वाजवलं.

"फिर किसकी हैं?"

अनंतरावांनी प्रमिलाबाईंकडे पाहिलं. त्या त्यांच्याकडेच बघत होत्या.

"मेरी," अनंतराव म्हणाले.

हॉलमध्ये हशा पिकला. टाउनशिपमधली निम्मी माणसं नंतर बदली होऊन आलेली, त्यांना यातलं काही ठाऊकच नव्हतं. ज्यांना ठाऊक होतं ती सभ्य होती. ती छताच्या पंख्याकडे पाहू लागली.

"वैरागडे साहब, आप गाते हैं?" निगमसाहेबांनी विचारलं.

"गाता था. लोगों ने मुझे बिठाने के लिए बजाई थीं."

"इतनी? एक आदमी को बिठाने के लिए?" निगमसाहेबांनी मान हलवली. "ये मानने की बात नहीं है."

शांताराम वाकून मराठीत कुजबुजले, पण माइक चालू होता. "अनंतराव, तुम्हाला कॅसेटवर नाव हवं असेल तर आधी सांगायचं होतं. असं आडून कशाला?"

अनंतरावांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. उभ्या जन्मात त्यांनी सगळ्यांवर संशय घेतला होता. आपल्यावर कुणी घेईल याची कल्पनाच केली नव्हती. आणि तोही कसला? तर टाळ्या चोरल्याचा! आपलीच फजिती आपण स्वतःच्या हाताने पुढे ठेवावी आणि लोकांनी ती बढाई समजावी, याहून मोठा अपमान त्यांना सुचेना.

"कोई सबूत?" निगमसाहेब म्हणाले.

अनंतराव आयुष्यभर लोकांना हेच विचारत आले होते. याला एकच उत्तर असतं, तेही त्यांना पाठ होतं. नमुना पुन्हा चालवून दाखवायचा.

ते सतरंजीवर बसले, घसा खाकरला, मांडीवर हाताने ताल धरला आणि भीमपलासचा सूर लावला.

इतक्या वर्षांत आवाजावर गंज चढला होता. पहिले काही सूर दार उघडताना बिजागरी बोलते तसे निघाले. मग गळा मोकळा झाला. चीज आठवली, अगदी प्रत्येक जागेसकट. अनंतराव रंगले. तान घेऊन खाली उतरले आणि सम जिथे असायला हवी होती तिथे नव्हती. ते पुन्हा वर गेले. बायका बटाटेवड्यांच्या टोपल्यांकडे पाहू लागल्या. ते पुन्हा खाली आले, पुन्हा चुकले, पुन्हा निघाले. निगमसाहेबांनी घड्याळ पाहिलं. आणि मग कोपऱ्यातून एक टाळी आली. तिच्यामागे दहा. मग सगळा हॉल.

शांतारामांनी घाईघाईने क्लबच्या टेपरेकॉर्डरवर कॅसेट लावली. आतल्या टाळ्या आणि बाहेरच्या टाळ्या एकमेकींत अशा मिसळल्या की कुठल्या कोणत्या ते कळेना. टेपमध्ये खुर्ची पडली. प्रमिलाबाई मात्र खुर्चीवर घट्ट बसून होत्या.

"मान गए!" निगमसाहेब गलक्यावर आवाज चढवून म्हणाले. "बिल्कुल वही हैं! लिखिए लोखंडेजी, कैसेट मंज़ूर, तालियाँ हटाकर. वैरागडे साहब, बस, बस, साबित हो गया!"

पण अनंतराव बसले नाहीत, म्हणजे गाणं थांबवलं नाही. सिद्ध काय व्हायचं ते झालं होतं. आता त्यांचं त्यांचं काम राहिलं होतं. ते डोळे मिटून पुन्हा वर गेले. लोक आणखी जोराने टाळ्या वाजवू लागले. तेवढ्यात त्या कल्लोळात खालून एक ठेका ऐकू आला. मधुकररावांनी फेटा काढून बाजूला ठेवला होता आणि ढोलकी मांडीवर ओढली होती. भीमपलासला ढोलकी, आणि तीही हुरड्याच्या गाण्याची! पण मात्रा मोजून, ठळक, एकेक सांगून वाजवत होते. समेपाशी आले की मान वर करून अनंतरावांकडे बघत आणि ढोलकीवर अशी थाप देत की आंधळ्यालाही दिसावी. अनंतराव एकदा हुकले. मधुकररावांनी पुन्हा आणून दिली. दुसऱ्यांदा जेमतेम हुकले.

टाळ्या वाजवणारे दमत चालले होते. माणूस किती वेळ टाळ्या वाजवणार? एकेक हात थांबला, काहींनी तळवे चोळले, काही वड्यांकडे सरकले. हॉल शांत झाला. फक्त ढोलकी आणि अनंतराव. त्यांनी शेवटची तान घेतली, ती लांबवली, वळवली, सावकाश खाली आणली, आणि मधुकररावांची थाप व त्यांचा सूर एकाच क्षणी पडले.

कुणीही टाळी वाजवली नाही. सगळ्यांचे हात भाजून निघाले होते. प्रमिलाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. त्यांच्या जवळपास रश्श्याचा धूर नव्हता. अनंतरावांनी डोळे उघडून एकदा सगळ्या हॉलभर पाहिलं. लोक तोंड उघडं टाकून त्यांच्याकडे बघत गप्प बसले होते, आणि ते खरोखरच गप्प आहेत, याबद्दल अनंतरावांना काडीचाही संशय आला नाही.